चांगला पाय

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुमच्या हातून उठून चालायला लागलेल्या माणसांबद्दल लिहा. दिवाळीचा अंक आहे, जरा उमेदीचं असू द्या." मी हो म्हटलं. अशी माणसं मला पुष्कळ भेटली, नाही असं नाही. पण चालायला लागलेला माणूस नंतर दवाखान्याकडे फिरकत नाही, आणि फिरकू नये हेच बरं. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला फारसं काही सांगता येत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय तेही चालले. अख्ख्या गावासमोर चालले आणि मी टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढचं मात्र उमेदीचं नाही, ते आधीच सांगून टाकते. म्हणजे कुणी वाचताना मला शिव्या घालायला नकोत.

मी फिजिओथेरपिस्ट. मुंबईला शिकून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्याला नोकरीला लागले, तेव्हा हा शब्द निम्म्या डॉक्टरांनाही नीट उच्चारता येत नव्हता. पेशंट दारात येऊन विचारायचे, "मालिशवाली बाई कोठे बसतात?" पहिली दोन वर्षं मी भांडले, "अहो, मालिश नाही, व्यायाम!" मग सोडून दिलं. लग्नानंतर जळगावला आले, एका खाजगी दवाखान्यात मागच्या बाजूची खोली मिळाली, तिथेही तेच. खोलीत दोन समांतर दांड्या, एक लाकडी पलंग, भिंतीवर उंच आरसा आणि वाळूच्या पिशव्या. एवढ्या भांडवलावर मी लकवा झालेल्या माणसांना उभं करत होते. फुकटचा मोठेपणा नाही सांगत, पण करत होते.

लकवा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर, मेंदूच्या एका तुकड्याचं रक्त तुटतं आणि अंगाची उलटी बाजू मरगळते. तो तुकडा परत येत नाही. त्याच्या शेजारचे तुकडे हळूहळू ते काम शिकून घेतात. त्यांना शिकवायचं ते माझं काम. एकच गोष्ट हजारदा करून घ्यायची. टाच टेका, गुडघा सरळ, वजन टाका. टाच टेका, गुडघा सरळ, वजन टाका. ऐकणाऱ्याला वाटतं बाईला वेड लागलंय.

आणि या शिकवणीत सगळ्यात मोठी खोडी कोण करत असेल तर साखर. आमचे डॉक्टर म्हणायचे, "मधुमेह मोकाट असेल तर तुमचा व्यायाम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." खरं होतं. साखर चढलेल्या माणसाच्या मेंदूची जखम जास्त पसरते, अंगात ताप मुरतो, लघवीत जंतू होतात, खांदा आखडतो, आणि माणूस दिवसभर पेंगतो. पेंगणाऱ्याला काय शिकवणार, कपाळ? आणि साखर औषधाने फार खाली गेली तर वेगळाच घोळ. तो घोळ मी धुळ्यातच बघितला होता.

धुळ्याला एक मास्तर यायचे. उजवी बाजू गेलेली, साखरेच्या गोळ्या चालू. तरुणपणी आखाड्यात गेलेला माणूस. व्यायाम उपाशीपोटी करायचा असतो, हे त्यांच्या रक्तातच होतं. सकाळी गोळी गिळून, पाण्याचा घोटही न घेता नऊला माझ्यासमोर हजर. एके दिवशी दांड्यांमध्ये उभे असताना त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली आणि जरा सुधारलेला उजवा हात लोंबायला लागला. मी ओरडले, "दुसरा झटका आला, डॉक्टरांना बोलवा!" आमच्या वॉर्डातल्या मावशींनी मला बाजूला सारलं, चहाच्या डब्यातली साखर चिमटीत घेतली आणि मास्तरांच्या हिरड्यांवर चोळली. पाच-सात मिनिटांत मास्तर डोळे उघडून विचारतात, "तास संपला का?" मावशी म्हणाल्या, "बाई, हा झटका नाही, भूक आहे. माझ्या नवऱ्याला तीन वेळा झालंय." मी पदवीधर आणि त्या चौथी नापास. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मधुमेहवाल्याला मी आधी विचारायचे, "जेवून आलात का?" आणि मला वाटायला लागलं की साखरेचं मला सगळं कळलं. माणूस एकदा तोंडावर आपटला की त्याला वाटतं आता आपण शहाणे झालो. तसंच ते.

नाना आले ते जळगावला. पाचोऱ्याच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. साठीचे, उंच, हाडापेराने दणकट, कापूस आणि थोडी केळी असं बरं चाललेलं घर. थंडीत कापूस वेचणी चालू असताना शेतातच डावी बाजू गेली. दवाखान्यात आणलं तेव्हाच कळलं की साखर आहे, आणि ती काही आजची नाही, कैक वर्षांची असणार. नानांना तोवर पत्ताच नव्हता. बोलणं शाबूत होतं, तोंड जरा वाकडं. सोबत दोन बाया. बायको, जिला घरचे-दारचे सगळे अक्का म्हणत, आणि सून मंगला, दहावी शिकलेली, चटपटीत.

आमच्याकडे पहिल्या दिवशी एक कार्ड भरायचं असे. मधोमध रेघ, एकीकडे डावी बाजू, दुसरीकडे उजवी. डावीकडे मी सगळं लिहिलं. खांदा किती उचलतो, बोटं हलतात का, कापसाचा बोळा लावलेला कळतो का, टाचणी कळते का. उजवीखाली लिहिलं, "चांगली." झालं. बाहेर पाच माणसं बसलेली होती.

नाना म्हणाले, "बाई, पोळाले मन्ही जोडी माले चालाडनी शे. तेवढं करी द्या."

अक्कांनी मग समजावून सांगितलं. गावात पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी जाते ती नानांच्या घरची. मान त्यांचा, पिढ्यांपासूनचा. मुलगा होता, तो नेऊ शकत होता. पण नानांचे वडील मरायच्या वर्षीही कासरा धरून स्वतः चालले होते आणि नानांच्या डोक्यात तेच बसलेलं. पोळा नऊ महिन्यांवर होता. मी म्हटलं, "करू की!" मला अशी माणसं आवडायची. नुसतं "बरं करा" म्हणणाऱ्यापेक्षा "अमुक करायचंय" म्हणणारा लवकर उठतो, हा माझा अनुभव.

पहिले दोन महिने काही म्हणजे काही झालं नाही. आठवड्यातून दोनदा पाचोऱ्याहून गाडीने यायचे, मुलगा धरून आणायचा, आणि नाना पलंगावर पडल्या पडल्या झोपायचे. मी चिडायचे. "नाना, पोळा काय झोपेत काढणार का?" डावा खांदा आखडून दगड झालेला, हात लावला की विव्हळायचे. मंगला घरी लघवी तपासायची. तेव्हा घरोघरी यंत्रं नव्हती. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, आठ थेंब लघवी टाकायची आणि उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी लाल म्हणजे आग. अक्कांनी ते चुलीवर करू दिलं नाही. "मन्ही चूल बाटाडू नको!" मग बिचारी मंगला गोठ्यात तीन दगडांवर गोवऱ्या पेटवून नळी उकळायची, आणि मला रंग सांगायची मिरचीच्या हिशेबाने. "बाई, आजही लाल मिरची."

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन सुरू करू. नानांनी तोंड फिरवलं. "सुई मी लेवाव नही." गावात पक्की समजूत, एकदा सुई लागली की ती सरणावरच सुटते. तीन आठवडे घेईना म्हाताराबाबा. शेवटी मीच म्हटलं, "नाना, सुई घेतली नाही तर पाय येणार नाही, आणि पाय आला नाही तर तुमची जोडी दुसरा कुणीतरी चालवेल." तो घाव बरोबर बसला.

मंगला टोचायला शिकली. काचेची सिरिंज उकळून घ्यायची. फ्रिज कुठला? माठाखाली ओली वाळू, वाळूत लोटा, लोट्यात बाटली. आणि काय सांगू, महिन्याभरात माणूस बदलला. मिरची हिरवी झाली, मग एक दिवस मंगला आत येतानाच ओरडली, "बाई, निळं!" झोप गेली, लघवीचा ताप गेला. होळीला नाना दांड्या धरून उभे राहिले. गुढीपाडव्याला चार पावलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. अर्धं श्रेय त्यांच्या सुईचं होतं, पण मी ते तेव्हा काही बोलून दाखवलं नाही.

आता चालायला शिकवायचं तर चांगल्या पायावर भरवसा ठेवायला शिकवावं लागतं. नाना घाबरायचे. तेव्हा मी त्यांच्या भाषेत सांगितलं, "नाना, जोडीतला एक बैल बसला, तर गाडी घरी कोण आणतो? दुसराच ना! टाका त्याच्यावर वजन." ते त्यांना इतकं आवडलं की पुढे उजव्या पायाला ते 'बैल'च म्हणायला लागले. दांड्यांत उभे राहिले की मांडीवर थाप मारायचे, "चाल रे राजा." खोलीतले बाकीचे पेशंटही हसायचे.

खांद्यासाठी मी अक्कांना घरी शेक द्यायला सांगितला. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची. आणि आमच्या धंद्यातला नियम शिकवला, जो मला माझ्या शिक्षकांनी शिकवला होता: लकव्याच्या बाजूला नीट कळत नाही, म्हणून शेक आधी चांगल्या बाजूला लावून बघायचा. चांगल्या बाजूला सोसला तर मगच इकडे द्यायचा. अक्कांकडून तीनदा म्हणवून घेतलं. शिकवण्यात मी कधी आळस केला नाही.

आषाढात नाना काठीवर चालायला लागले. एक दिवस व्हरांड्यातून माझ्या खोलीपर्यंत आले आणि मागून शिपाई उजवी चप्पल घेऊन आला. वाटेत पायातून निघून पडली होती, नाना अनवाणी पायाने पंधरा पावलं तसेच आले, त्यांना पत्ता नाही. मी म्हटलं, "काय नाना, चप्पल दवाखान्याला दान केली का?" सगळे हसले. नाना सगळ्यांत जास्त हसले. त्या हसण्याचा मला आज इतका राग येतो, की काय लिहू. डाव्या पायातली पडली असती तर मी लगेच खाली वाकून पाय हातात घेतला असता. पडली ती चांगल्या पायातली.

त्याच दिवशी जाताना त्यांनी विचारलं, "बाई, पाय उना. आते सुई सोडू का?"

मी म्हटलं, "ते डॉक्टरांना विचारा. साखर माझ्याकडे नाही, माझ्याकडे पाय."

डॉक्टरांकडे त्या दिवशी रांग मोठी होती आणि नानांची परतीची गाडी चुकत होती. ते घरी गेले, आणि सुई सुटली. पाय मिळाला होता, सुईचं काम झालं होतं, असा साधा हिशेब. श्रावणात मंगला म्हणाली, "बाई, आठ दिवस झाले, लाल मिरची आहे. नाना सुई घेऊ देत नाहीत. पायाला मुंग्या येतात म्हणतात." मी नानांची डावी टाच बघत होते. टाच आधी टेकते की पंजा आधी टेकतो, यात माझा जीव अडकलेला. मी मान वर न करता म्हटलं, "अगं, डॉक्टरांना दाखव ना." कुठल्या पायाला मुंग्या, एवढंसुद्धा विचारलं नाही.

पोळ्याचं आवतण द्यायला मुलगा स्वतः आला. मी गेले. माझ्या सगळ्या नोकरीत पेशंटच्या घरी मी दोन-तीनदाच गेले असेन, त्यातली ही एक. अंगणात गुलाल, बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली. नाना कोरं धोतर आणि टोपी घालून ओट्यावर बसलेले. डाव्या पायात मी सांगितलेला कॅनव्हासचा बूट. उजवा पाय पिवळ्या फडक्यात घोट्यापर्यंत गुंडाळलेला, हळदीचा वास येत होता.

"याला काय झालं?"

"काही नही बाई. फोड उना. दुखत नही. बठ्ठं बरं शे."

मी म्हटलं, "दुखत नसेल तर चाला."

हे माझे शब्द. कुणी माझ्या तोंडी घातलेले नाहीत. एवढ्या मोठ्या फडक्यात गुंडाळण्याइतका फोड, आणि तो दुखत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही खाली बसून ते फडकं सोडलं असतं. पण ढोल वाजत होते, लोक खोळंबले होते, आणि मला माझं काम सगळ्या गावाला दाखवायचं होतं. खरं कारण तेच.

नाना उठले. उजव्या हातात कासरा, डावा हात मुलाच्या खांद्यावर. घरापासून तोरणापर्यंत गल्ली, मग पार, मग मारुतीपुढचा चढ. मोठं अंतर नव्हतं, पण वजन सगळं उजव्यावर, जसं मी शिकवलं होतं. टाच टेका, गुडघा सरळ, वजन टाका. मी बाजूने चालत ओठातल्या ओठात म्हणत होते. तोरणाखालून जोडी गेली तेव्हा लोकांनी आरोळी दिली, अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, मंगला रडली, मी रडले. नानांनी वळून मला हात जोडले. मी टाळ्या वाजवत होते. फडक्याचा पिवळा रंग खालून तांबूस झालेला मला दिसला होता. मला वाटलं गुलाल आहे.

सहा दिवसांनी मंगला नानांना घेऊन आली. माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. खोलीच्या दाराशीच वास आला आणि मला कळलं. तळवा सगळा सुटलेला, दोन बोटं काळी, पोटरीपर्यंत सूज, अंगात ताप फणफणलेला. साखर किती, ते विचारूच नका. डॉक्टरांनी एक टाचणी घेतली आणि नानांच्या उजव्या पायाला घोट्यापासून वर टोचत गेले. नाना छताकडे बघत पडलेले. पोटरीच्या निम्म्यावर आल्यावर म्हणाले, "आते कळनं."

हा असला पाय एका दिवसात होत नाही. मधुमेहाने नसा आतून कितीतरी वर्षं मरत आलेल्या. लकव्याने डावा नेला आणि गाजावाजा करून नेला. उजवा पाय साखर गुपचूप खात होती, आणि आम्ही त्याला चांगला म्हणत होतो. त्याच पायावर मी माणसाचा सगळा भार टाकला होता. शेकाची पारखही त्याच बाजूला करायला शिकवली होती.

व्हरांड्यात अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदा सोलवटतो, म्हणून त्या दिवशी बैल धुवायचे, खांद्याला हळद-तूप चोळायचं, शेकायचं आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते सगळं झालं. शेगडी पेटलेलीच होती. नाना ओट्यावर बसले होते. अक्कांच्या मनात आलं, घरात आणखी एक बैल आहे.

"बिचारानी वरीसभर एकलानी ओढं," अक्का म्हणाल्या. "मी म्हनं, त्यानाबी खांदा शेकी दिऊ."

नाना हसले म्हणे, आणि पाय पुढे केला. अक्कांनी पायाला हळद-तूप लावलं, कुंकू लावलं. वीट तापवून फडक्यात गुंडाळून तळव्याला लावली. माझा नियम त्यांच्या लक्षात होता. त्यांनी विचारलं, सोसतंय का? नाना म्हणाले, "गरम नही लागत. आखो तापव." त्यांनी आणखी तापवली. परत विचारलं. परत तेच. चांगली बाजू होती, तिला सोसत होतं, मग भ्यायचं कशाला? तिसऱ्यांदा वीट नुसत्या एकेरी फडक्यात ठेवली आणि त्यावर पाय ठेवून नाना चहा प्यायले.

अक्कांनी मला विचारलं, "बाई, मन्हं काय चुकनं?"

मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." एवढंच बोलले. कुणाचं चुकलं ते मी त्यांना सांगितलं नाही. घाबरले. दवाखान्यात लोक होते, माझं नाव होतं.

आधी गुडघ्याखाली कापला. जखम भरेना, म्हणून तीन आठवड्यांनी मांडीत कापला. सुई परत चालू झाली, आता चार-चार वेळा. एकदा साखर इतकी उतरली की नाना मास्तरांसारखे घामाने निथळून पडले. तेव्हा मात्र साखर चोळायला मीच धावले. ज्वर, पडून राहणं, हगणं-मुतणं सगळं जागेवर. नऊ महिने घाम गाळून डाव्या बाजूने जे शिकलं होतं ते ती दोन महिन्यांत विसरायला लागली. हाताची मूठ वळली. पाय लाकडासारखा ताठ. मी रोज जात होते, कामाचे तास संपल्यावरही. डॉक्टर म्हणाले, "बस आता, तुम्ही आजारी पडाल." मला थांबता येत नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी नानांनी डाव्या मांडीवर थाप मारली, पूर्वी उजवीवर मारायचे तशी. म्हणाले, "आते हाऊच चांगला." मी हसायचा प्रयत्न केला. तो पाय एकट्याने कधी उभा राहणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. दुपार होती. नाना गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर, पाठीला गोधडी लावून बसलेले. निम्मे झाले होते. बैल धुऊन उभे केलेले, अक्का त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होत्या. शेगडी कुठे दिसेना. मंगला हळूच म्हणाली, "अक्कांनी यंदा शेकायचं नाही म्हणून सांगितलंय. वर्षभर त्यांनी विटेला हात लावलेला नाही."

नाना म्हणाले, "बैलनं काय चुकनं? शेक त्याले."

अक्का हलल्या नाहीत. मंगलानेच शेगडी आणली, वीट तापवली, दोन घड्यांच्या फडक्यात गुंडाळली, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि मग बैलाच्या खांद्याला टेकवली. तरी थोडी जास्त झाली असावी. बैलाने अंग थरथरवून मान बाजूला घेतली. मंगला दोन पावलं मागे झाली.

"देखा बाई," नाना म्हणाले. "बैल झटकस. मन्हा पाय झटकनाच नही."

मी बाजेच्या कडेला बसले. मंगला आणि अक्का बैलांपाशी होत्या. वर्षभर गिळून ठेवलेलं सांगायचं असं ठरवूनच मी आले होते, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. सुरुवात नानांनीच केली. वर्षभर पडून पडून माणूस सगळं उलगडून बघतो.

"बाई, एक इचारू? पहिल्या दिनले तुम्ही मन्हा उजवा पायले हात लावा व्हता का?"

"नाही, नाना," मी म्हटलं. "नुसतं 'चांगली' लिहिलं. हातच लावला नाही. लावला असता तर कळलं असतं. पोळ्याच्या दिवशी फडकं सोडलं असतं तरी कदाचित वाचला असता." मी त्यांचे पाय धरायला वाकले आणि धरायला एकच होता.

नानांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मीबी नही लावा," ते म्हणाले. "चांगलाले कोन हात लावस?"